बागेची राखण कुणी करायची?

दिवाळी सरली की आमच्याकडे कोकणात हापूसच्या बागांत कामाला बाहेरून माणसं यायला लागतात. यंदाही आली, आणि त्यांची नोंद करायला मी पोलीस ठाण्यात गेले. दादाच्या बागेचे कागद आणि हिशेब माझ्याकडे असतात, त्यामुळे हे काम माझंच. बरोबर आमचा जुना नेपाळी गडी, त्याची बायको आणि यंदा पहिल्यांदाच आलेला तिचा भाऊ, जेमतेम विशीतला. तिघांची नागरिकतेची प्रमाणपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी शर्टाच्या आत. बाकावर आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा आधीच बसला होता. आयटीआय झालेला फिटर. जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडे राबून, ठेका बदलला तसा घरी परतलेला. त्याच्या पासपोर्टची पडताळणी होती. दुबईला गोदामात काम मिळतंय म्हणाला. आधी आमचे कागद झाले. नाव, गाव, जिल्हा, कुणाच्या बागेत, कधीपर्यंत राहणार. आम्ही उठलो तेव्हा तो म्हणाला, “आत्या, ह्याला व्हिसा नको, परमिट नको. एक कागद दाखवला की आमच्या गावात काम. आणि मी गावाबाहेर पडण्यासाठी किती महिने कागद जमवतोय. सरकारला आम्ही दिसतच नाय काय?” आवाज चढलेला नव्हता. नव्या नेपाळी मुलाला मराठी कळत नव्हतं. तो आम्हा दोघांकडे बघून हसला आणि नमस्ते म्हणाला.

‘तू येशील का बागेत कामाला?’ असं विचारून असल्या पोरांना गप्प करायची आमच्या बागायतदारांची रीत आहे. तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं, कारण त्यावर तो ‘देणार काय?’ म्हणाला असता, आणि आम्ही काय देतो ते माझ्याच वहीत लिहिलेलं आहे.

त्याचा राग मला खोटा वाटत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांत सारखी मुभा द्यायची, असं त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी कबूल केलं. काळच तसा होता. चीनचं सैन्य तिबेटच्या वेशीवर होतं, दिल्लीला हिमालयाची काळजी होती, काठमांडूत राणांची सत्ता डळमळत होती. सह्या करणाऱ्यांना तेव्हा रत्नागिरीच्या कातळावरची आंब्याची झाडं आठवायचं काही कारण नव्हतं. बिहारचा माणूस आमच्याकडे येऊन काम करू शकतो तो घटनेच्या १९व्या कलमामुळे आणि नेपाळचा माणूस येतो तो ह्या करारामुळे. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत आणि मला त्या बंद झालेल्या नको आहेत. पण एवढ्या वर्षांत ह्या वाटेबद्दल आमच्या गावात येऊन कुणी चार शब्द बोललेलं नाही. मजुरीचा दर, शाळेचा पट, पोरांची लग्नं, सगळ्याला ती वाट स्पर्श करून जाते, आणि ज्यांच्या अंगणातून ती जाते त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मग लोक आपापल्या परीने अर्थ लावतात, आणि सगळ्यात सोपा अर्थ समोर बाकावर बसलेला असतो.

आता कामाविषयी. हापूस ज्यांनी फक्त पेटीतून पाहिलाय त्यांना हे काम कळणं अवघड आहे. थंडी पडली की कलमं, म्हणजे आंब्याची कलमी झाडं, मोहोरतात आणि मोहोराबरोबर तुडतुडे येतात. पानं चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. मग फवारणी. दव सुकलं की पंप सुरू होतो, त्याच्या फटफटाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. एक जण नळी खांद्यावर घेऊन कलमात चढतो, वाऱ्याची दिशा फिरली की औषधाचा तुषार त्याच्याच तोंडावर येतो. तोंडाला बांधलेलं असतं ते साधं फडकं. त्या औषधाचा वास आंघोळीनेही जात नाही, रात्री भाताच्या घासाला येतो. फळ धरलं की राखण आली: दिवसा वानरं, रात्री चोर. मार्चपासून काढणी. चिव्याच्या लांब काठीला झेला, म्हणजे जाळीची पिशवी, बांधलेला, आणि त्यात आंबा देठासकट उतरवायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तो आंबा पेटीतून उतरून कॅनिंगच्या ढिगात जातो. हाच चीक हातावर उडाला की कातडी भाजल्यासारखी काळी पडते. आमच्या गड्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत असे डाग आहेत, काही जुने, काही ताजे. त्याची बायको दिवसभर गवत काढते, आंबे निवडते, पिकायला आडीत लावते आणि चूलही सांभाळते. राहायला कातळावर पत्र्याची खोप. बहुतेक बागांत व्यवहार जोडप्याशी होतो. महिन्याला दोघांची मिळून एक ठरलेली रक्कम, वर तांदूळ-डाळ, आणि उरलेले पैसे हंगाम संपल्यावर एकदम. आठवडी सुट्टी नाही, विमा नाही, लिहून दिलेलं काही नाही. बाईच्या कामाला हिशेबात वेगळी ओळ नाही.

हे काम स्थानिक माणूस करत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतलीच माणसं कलमांवर चढायची. त्यातले एक काका एका वर्षी शेजारच्या बागेत, ऐन काढणीत, वरच्या फांदीवरून जांभ्याच्या गडग्यावर पडले. कंबर गेली. त्यांना झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं तेव्हा मी अंगणात उभी होते. त्यांच्या पायातली एक वहाण तेवढी बागेत राहिली होती, ती त्यांची लेक धावत जाऊन घेऊन आली. बागायतदाराने त्या हंगामाची मजुरी दिली आणि दवाखान्याचे थोडे पैसे. पुढची सगळी वर्षं काका ओटीवर बसून होते. त्यांच्या दोन्ही मुलांनी मुंबई गाठली आणि पुन्हा कधी झेला हातात धरला नाही. त्या पोरांना आळशी कोण म्हणेल? कामाला ती नाही म्हणालीच नाहीत, ती त्या ओटीला नाही म्हणाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि दिल्लीहून निघालेली मंगला एक्स्प्रेस थेट रत्नागिरीत थांबायला लागली. रिकामी जागा आधी झाली होती, माणसं मागून आली. पण ती आल्यावर एक गोष्ट नक्की घडली. त्या कामाच्या अटी सुधारायची गरज उरली नाही. आठ महिने घर सोडून, बायको-पोरांसह बागेतच राहणारं आणि पडलं झडलं तर कुणाकडे दाद न मागणारं माणूस मिळत असेल, तर गावात घर असलेल्या, संध्याकाळी घरी जायचं असलेल्या पोराच्या अटी कोण ऐकणार?

तिथेच त्या मुलाच्या बोलण्यातलं खरं आहे, आणि तिथेच ते अर्धं राहतं.

आमच्या मुलखाला बाहेर जायची सवय फार जुनी. माझे थोरले काका परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते गावी परतले ते ‘महिन्याभरात मिटेल’ म्हणून, आणि त्यांची पत्र्याची पेटी मग माळ्यावरच राहिली. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा बंद झाला तेव्हा वाडीतल्या किती चुली मंदावल्या, ते आमच्या आईला पाठ होतं. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरीत जवळजवळ ८२ हजार माणसं कमी झाली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. कुणी कौतुकाने ते सांगितलं की मला बरं वाटत नाही. बायका जास्त जन्मल्या म्हणून नव्हे, पुरुष घरात नाहीत म्हणून तो आकडा फुगलाय. आता ज्यांनी राहायचं ठरवलं त्यांचीही परीक्षा आहेच. मुलगा गावात राहून बाग बघतो म्हटलं की स्थळ परत जातं. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा चालतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि नकार देणाऱ्या मुलींनाही दोष देववत नाही, कारण त्यांनी आपल्या आयांच्या डोक्यावरचे भारे पाहिलेत.

‘स्थानिकांना ऐंशी टक्के’ ही घोषणा मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. मुंबईत १९६६ पासून ह्याच प्रश्नावर राजकारण उभं राहिलं, आणि त्या मोर्चांत आमच्याकडची पोरं पुढे होती. राज्य सरकारचा ऐंशी टक्क्यांचा नियम आहेही, पण तो उद्योगांसाठी. बागेला, मासेमारीच्या होडीला तो लागत नाही. आणि उद्योगातही कायम कामगार थोडे, बाकी ठेकेदाराची माणसं, तीही वर्षभराने बदलणारी. तिथे ऐंशी टक्के कशाचे मोजायचे? हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी ठेवणारा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणजे टक्क्यांचं आश्वासन देणाऱ्यालाही ते कोर्टात टिकणं किती कठीण आहे हे ठाऊक असतं. तरी प्रत्येक निवडणुकीत ते पुन्हा दिलं जातं, आणि तो मुलगा ते पुन्हा खरं मानतो. ही फसवणूक मला नेपाळी मजुरापेक्षा फार मोठी वाटते.

त्या मुलाच्या बाबांची गोष्ट इथे सांगायला हवी. ते बरीच वर्षं सौदीत वाहन चालवायचे. २०११ मध्ये तिथल्या सरकारने निताकत आणलं. कंपन्यांनी किती सौदी माणसं कामावर ठेवलीत त्यावरून त्यांच्या श्रेण्या ठरायच्या, आणि खालच्या श्रेणीतल्या कंपनीला परदेशी कामगारांचे परवाने मिळणं कठीण व्हायचं. ते परत आले. गावात तेव्हा सगळे हळहळले. ‘इतकी वर्षं घाम गाळला आणि उपऱ्यासारखं काढून टाकलं,’ हे त्यांच्या ओटीवर मी स्वतः ऐकलंय. तिथल्या बेकार तरुणांनाही आपल्या पोरांसारखाच राग आला असणार, हे त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. आता त्यांचाच मुलगा दुबईच्या वाटेवर आहे. त्याने जाऊ नये असं मी म्हणत नाही. पण तिथे त्याला राखणदार म्हणतील की माणूस म्हणतील, हे जेवढं त्या देशाच्या कायद्यावर आहे तेवढंच तिथल्या शेजाऱ्यांच्या नजरेवर आहे. आपण आपल्या खोपीकडे कोणत्या नजरेने बघतो, त्याची आठवण मला म्हणूनच होते.

खोपीत काय चालतं तेही थोडं सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर आली, पहिल्याच दिवशी गोळीबारात कितीतरी मेली, सरकार पडलं. आपल्याकडे बातम्यांत समाजमाध्यमांवरची बंदी तेवढी ठळक झाली. आमच्या गड्याची बायको मोबाइलवर ती चित्रं अजून बघते. तिला विचारलं तर म्हणाली, “दीदी, उधर काम होता तो हम इधर काहे को आते?” तिचं गाव सुदूरपश्चिमेच्या डोंगरात. तिथून खाली उतरायचं, बनबसाला सीमा ओलांडायची, दिल्ली गाठायची आणि मग गाडीत दीड दिवस. पूर्वी त्यांच्याकडच्या पोरांना गोरखा पलटणीचं दार तरी होतं. २०२२ मध्ये आपल्याकडे सैन्यात चार वर्षांच्या भरतीचं अग्निपथ आलं आणि नेपाळने भरती थांबवून धरली. तिचा तो भाऊ धावायचा सराव करत होता म्हणे. चार वर्षं पळून शेवटी आमच्या बागेत आला. फिटर आमचा आणि धावपटू त्यांचा, दोघांनाही स्वतःच्या गावात काम नाही. पण बाकावर मात्र ते एकमेकांच्या वाट्याचं खाणारे म्हणून बसले होते. आमच्या गड्याची धाकटी मुलगी आमच्या वाडीच्या शाळेत जाते. पट इतका कमी झालाय की हंगामात येणारी ही मुलं मोजली नाहीत तर शाळा चालणं अवघड आहे. ती पोर मालवणी शिव्या देते आणि मराठीचे धडे आमच्या पोरांपेक्षा स्वच्छ वाचते. मे संपला की निघून जाते.

बागायतदारांची बाजू मला घरातच ऐकायला मिळते. दादा म्हणतो, पाऊस लांबला की मोहोर लांबतो, थ्रिप्सची कीड आली की फवारण्या वाढतात, औषधांचे दर आभाळाला, दलाल विक्रीची पट्टी पाठवतो त्यात वाहतूक-हमाली-अडत कापून काय उरतं ते तुझ्याच वहीत बघ. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून अजून विकला जातोच. दादाचं काही चूक नाही. तो लुटारू नाही, आजारी पडलेल्या गड्याला स्वतः गाडीत घालून शहरात नेणारा माणूस आहे. पण माणुसकीने नेणं वेगळं आणि त्याचा विमा असणं वेगळं, ह्यावर आमचं जमत नाही. आणि बागेचं म्हणाल तर अर्ध्या बागांचा सातबारा सामाईक. एकेका उताऱ्यावर चाळीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही कधीच गेलेली. घरातल्या ज्या पोराला खरोखर बाग करायची आहे, त्याला त्या उताऱ्यावर कर्ज मिळत नाही, पाण्याची योजना मिळत नाही, नुकसानभरपाईला सगळ्यांची संमतिपत्रं लागतात. म्हणजे मालक म्हणून उभं राहायला कागद नाही आणि मजूर म्हणून राहण्यात मान नाही. तिसरी वाट मंगला एक्स्प्रेसची, उलट्या दिशेने.

मला विचाराल तर सीमेवर काय करायचं ह्याच्या आधी खोपीत काय करायचं ते ठरवा. कलमावर चढणारा माणूस कुठलाही असो, त्याच्याशी लेखी करार, त्याचा अपघात विमा, बाईची वेगळी मजुरी, आठवड्याची सुट्टी. हे झालं तर नेपाळी माणूस स्वस्त राहणार नाही आणि म्हणून स्थानिक माणूस महाग वाटणार नाही. त्यातून आमची चार पोरं बागेकडे वळतील, सगळी नाही. फिटरला फिटरचंच काम हवं, तो त्याचा हक्क आहे, त्याला झेला धरायला सांगणं हा उपाय नव्हे. त्यासाठी ठेकेदारीला आळा घालणं आणि सामाईक सातबारे फोडून देणं ही सरकारची कामं आहेत, ती आम्ही वाडीत बसून करू शकत नाही. जे वाडीत होण्यासारखं आहे तेही आम्ही करत नाही, ह्याचा मला राग येतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय निघालाच. आधी ‘परप्रांतीय बंद करा’ असा ठराव मांडला गेला. ग्रामसेवकांनी तो कायद्यात बसत नाही म्हणून सांगितल्यावर गलका झाला. त्या गलक्यात मी उठले आणि एकच मागितलं: प्रत्येक बागायतदाराने यंदाच्या काढणीला किती माणसं हवीत, कोणत्या कामाला, किती रोजावर आणि विमा काढणार की नाही, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावं, आधी गावाने वाचावं, मग बाहेरून माणूस आणावा. वाद झाला, पण ठराव झाला. आजपर्यंत फलकावर तिघांनी लिहिलंय. एकाने रोज सहाशे आणि विमा असं स्पष्ट लिहिलं, त्याच्याकडे वाडीतले दोन जण जाऊन बोलून आले. आमच्या बागेच्या नावापुढे माणसांची संख्या आहे, रोजाचा रकाना कोरा आहे. दादा म्हणतो, आकडा लिहिला की बाकीचे बागायतदार माझ्या अंगावर येतील. मी म्हणते, येऊ देत. रोज रात्री जेवताना ह्यावरून आमचं वाजतं, वहिनीने आता माझी बाजू घेतली आहे, आणि काढणीला अजून तीन आठवडे आहेत.